पिवडीकडचा की गेरूकडचा? दोन मिळत्याजुळत्या मातकट रंगांतून एक ठरवताना

शेडकार्डातल्या शेकडो पट्ट्यांमधून घरच्यांनी मिळून दोन काढल्या आणि गाडी तिथेच अडली. दोन्ही मातकट, दोन्ही ऊबदार, दोन्ही 'छानच'. दुकानदार म्हणतो दोन्ही चालतात. रंगारी म्हणतो कुठलीही सांगा, सोमवारी काम धरायचंय. अशा वेळी छापा-काटा केला तरी काय बिघडणार, असं वाटतं. पण बिघडतं. पट्टीवर जुळ्या वाटणाऱ्या छटा चारशे चौरस फूट भिंतीवर चढल्या की त्यातली एक भाजलेल्या कौलासारखी खुलते आणि दुसरी धुवून धुवून मळकट झालेल्या गुलाबी अभ्र्यासारखी दिसू लागते. कुठल्या घरात कोणती खुलेल हे पट्टी सांगू शकत नाही. ते त्या घरातला उजेड आणि जमीन ठरवतात, आणि ते आधी तपासता येतं. चार-पाच दिवस आणि थोडा रंग, एवढाच खर्च आहे.

फरक कशात असतो

मातकट रंगांचं कूळ एकच, लोखंडाची ऑक्साइडं. पिवडी म्हणजे पाणी धरून बसलेलं ऑक्साइड. ती भाजली की पाणी निघून जातं आणि ती लाल होते. पिवळसर मातीची वीट भट्टीतून तांबडी होऊन निघते ती याच कारणाने. गेरू मुळातच तांबडा. जुन्या घरांत चुन्यात पिवडी कालवून भिंती रंगवत आणि खाली गेरूचा पट्टा ओढत. आज दुकानातलं छटा कालवणारं टिंटिंग मशीनही वेगळं काही करत नाही. पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे डब्यातल्या मूळ रंगात, पिवळं ऑक्साइड, लाल ऑक्साइड आणि काळा सोडतं, क्वचित आणखी एखादा रंग. तुमच्या दोन पट्ट्यांमधला फरक म्हणजे या थेंबांचं थोडं पुढेमागे झालेलं प्रमाण.

पिवळ्याचे थेंब जास्त पडले तर छटा पिवडीकडे झुकते, लालचे जास्त पडले तर गेरूकडे. पिवळ्यात काळा वाढला की हिरवट, शेवाळी झाक येते (खाकी अशीच होते), आणि लालमध्ये पांढरा वाढला की गुलाबी. ही झाक पट्टीवर लपते, कारण पट्टी दोन इंचांची असते आणि तिच्या शेजारी तिचीच चार भावंडं छापलेली असतात.

झाक उघडी पाडायचे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे दोन्ही पट्ट्या कोऱ्या पांढऱ्या ए-फोर कागदावर शेजारी ठेवायच्या, बाकीचं कार्ड दुसऱ्या कागदाने झाकायचं आणि खिडकीजवळ, पण उन्हात नाही, असं बघायचं. दुसरा मार्ग, ज्या उभ्या रांगेत तुमची छटा आहे त्या रांगेतली सर्वांत गडद छटा बघायची. ती विटकरी असेल तर तुमची फिकी छटाही मनाने विटकरीच आहे; ती मोहरीच्या किंवा खाकीच्या वळणाची असेल तर तुमच्या भिंतीत तेच उतरणार.

तिसरा मार्ग फारसं कोणी वापरत नाही, पण सर्वांत खात्रीचा तोच. मशीनवर छटा निवडली की संगणकात तिचा फॉर्म्युला दिसतो आणि बऱ्याच दुकानांत तो डब्याच्या चिकटपट्टीवर छापूनही येतो. रंगद्रव्यांची नावं कंपनीच्या संकेतात असतात. कुठला संकेत कशाचा, हे दुकानदाराला विचारा. दोन्ही छटांचे फॉर्म्युले शेजारी ठेवले की कशात पिवळं ऑक्साइड जास्त, कशात लाल, कशात काळा, हे आकड्यांतच कळतं. त्याच वेळी आणखी दोन गोष्टी टिपून घ्या.

एक, दोन्ही छटा एकाच बेसमध्ये बसतात का? फिक्या छटा पांढऱ्या बेसमध्ये होतात, गडद छटांना वेगळा बेस लागतो. त्यात टायटॅनियमचा पांढरा कमी असतो, त्यामुळे भिंत झाकायची ताकद कमी आणि दोनऐवजी तीन हात द्यावे लागू शकतात. डोळ्यांना जेमतेम वेगळ्या वाटणाऱ्या दोन छटा कधीकधी नेमक्या या सीमेच्या अलीकडे-पलीकडे पडतात, आणि मग खर्चाचा आकडाच निर्णय करून टाकतो. दुसरं, फॉर्म्युल्यात ऑक्साइडांखेरीज झगझगीत लाल, नारिंगी किंवा पिवळं सेंद्रिय रंगद्रव्य आहे का? ऑक्साइडं उन्हाला आणि सिमेंट-चुन्यातल्या अल्कलीला दाद देत नाहीत. सेंद्रिय लाल-पिवळ्यांतले बरेचसे विटतात. बाहेरच्या भिंतीसाठी, किंवा रोज दुपारचं ऊन खाणाऱ्या आतल्या भिंतीसाठी दोन छटांत निवड करायची असेल, तर निव्वळ ऑक्साइडांची छटा घ्या आणि पुढचं सगळं वाचायचं सोडून द्या.

नमुना भिंतीवर नको, फळीवर घ्या

रंगारी भिंतीवर ब्रशने वीतभर चौकोन मारून दाखवतो. तो नमुना जवळजवळ निरुपयोगी असतो. खाली जुना निळा किंवा हिरवा रंग असेल तर त्याच्या शेजारी कुठलीही मातकट छटा आहे त्यापेक्षा नारिंगी-तांबडी भासते. खाली पांढरं प्रायमर असेल तर गडद भासते. शिवाय एकच हात मारलेला असतो, त्यातून खालचं डोकावतं.

सुताराकडून ६ एमएम प्लायचे चार तुकडे आणा, प्रत्येकी साधारण २ बाय अडीच फूट. माउंट बोर्डही चालतो, पण ओल्या रंगाने तो वाकतो. कडांवर वजन ठेवून वाळवावा लागतो. आधी प्रायमरचा एक हात. मग प्रत्येक छटेच्या दोन फळ्या, ४ इंची छोट्या रोलरने, दोन हात. ब्रश नको, कारण भिंत रोलरने होणार आहे आणि दोन्हींचा पोत वेगळा दिसतो. रंग मात्र जे फिनिश भिंतीवर येणार आहे त्याच फिनिशमध्ये हवा. तीच छटा मॅटमध्ये खडूसारखी फिकी आणि चकाकीच्या फिनिशमध्ये गडद, खोल दिसते. मॅट आणि सॅटिन (मंद चकाकीचं फिनिश) शेजारी ठेवून दोन छटांची तुलना करणं म्हणजे एका उमेदवाराला उंच चपला घालून उभं करणं.

दोन फळ्या मिळून १० चौरस फूट होतात. चांगलं इमल्शन (भिंतीचा पाण्यात कालवायचा रंग) दोन हातांना लिटरमागे साधारण ११० ते १५० चौरस फूट जातं, म्हणजे एका छटेला १०० मिलीसुद्धा लागत नाही. रोलर पितो ते धरून २०० मिली पुरे. नमुन्याचा छोटा डबा मिळाला तर उत्तम, नाहीतर १ लिटरचा घ्यावा लागेल. पाणी डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात मोजून घाला. डब्यावर लिटरला ४०० मिली असेल तर २०० मिली रंगात ८० मिली. अंदाजे घातलेलं पाणी दोन छटांना कमीजास्त झालं तर एक छटा उगाच पातळ, फिकी पडते आणि बिचारी त्यातच बाद होते.

पहिला आणि दुसरा हात यांत किमान चार तास, पावसाळ्यात सहा-आठ. दुसरा हात दिल्यावर पूर्ण एक दिवस थांबा. इमल्शन ओलं असताना दुधाळ, फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं, त्यामुळे डबा उघडल्या उघडल्या "हा नकोच" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. फळीला पांढरी किनार ठेवू नका, रंग कडेपर्यंत न्या. भिंतीचा जुना रंग भडक असेल तर फळीमागे पांढरी चादर किंवा मोठे कागद चिकटवा.

उजेड

आता फळ्या भिंतीला टेकवायच्या. प्रत्येक छटेची एक फळी खिडकीसमोरच्या भिंतीवर, दुसरी खिडकी ज्या भिंतीत आहे तिच्यावरच. खिडकीच्या भिंतीला थेट उजेड मिळत नाही. एकच रंग तिथे दोन पायऱ्या गडद आणि उदास दिसतो. बहुतेकांचा रंग फसतो तो याच भिंतीवर, कारण ती कोणी तपासलेलीच नसते.

पहिल्या दिवशी दोन्ही छटा शेजारी ठेवून झाक ओळखून घ्या. दुसऱ्या दिवसापासून त्या वेगळ्या करा: सकाळभर एकच छटा खोलीत, दुसरी पलंगाखाली, दुपारी बदला, मग तिसऱ्या दिवशी उलट क्रम. शेजारी असताना डोळा फरक फुगवून दाखवतो. भिंतीवर शेवटी एकच असणार आहे, तेव्हा एकटी कशी दिसते तेच बघायचं. सकाळी ८, दुपारी १, संध्याकाळी ५ आणि रात्री दिवे लावून, या चार वेळा पुरतात.

उत्तरेच्या खोलीचा उजेड थंड, निळसर असतो, म्हणून तिथे गरम रंग द्यावा, असं इंग्रजी लेखांत आणि व्हिडिओंत ठोकून सांगितलेलं असतं. तो नियम युरोप-अमेरिकेतला आहे. तिथे भर दुपारी उत्तरेच्या खिडकीत ऊन कधीच येत नाही. मुंबई-पुण्याला मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य भर दुपारी डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि मार्च ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन डोकावतं. त्यामुळे आपल्याकडची उत्तरेची खोली एप्रिल-मेमध्ये वेगळी आणि डिसेंबरात वेगळी दिसते. हिवाळ्यात ठरवत असाल तर तिथे दोन्ही छटा आहेत त्यापेक्षा थंड दिसताहेत हे लक्षात ठेवा. उन्हाळ्यात त्या आणखी तापतील. पावसाळ्याचे चार महिने आभाळ भरून आलेलं, उजेड करडा. अशा उजेडात काळ्याचे थेंब जास्त असलेली छटा चिखलासारखी होते. एखादी छटा ढगाळ दिवशीही तग धरते का, ते बघायची संधी मिळाली तर सोडू नका.

पश्चिमेच्या हॉलमध्ये चारनंतर येणारा उजेड नारिंगी असतो. पिवडीकडची छटा त्यात हळदीसारखी पेटते, गेरूकडची तांबूस होऊन जरा सावरते. पण त्याच वेळी बहुतेक घरांत पडदे ओढलेले असतात, तेव्हा फळ्या पडदे ओढूनही बघा. मरून किंवा पिवळा पडदा अख्ख्या खोलीला आपल्या रंगात न्हाऊ घालतो.

आणि रात्र. नोकरदार घरात हॉल जागा असतो तो रात्री सात ते अकरा, म्हणजे रंग दिव्याखालीच जास्त बघितला जातो. एलईडीच्या खोक्यावर ६५०० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेलं असेल तर तो निळसर पांढरा, ३००० के असेल तर पिवळसर. आपल्याकडच्या ट्यूब आणि बल्ब सहसा ६५०० वाले, आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ८० च्या आसपास. अशा स्वस्त एलईडीत गडद लाल उजेड फार कमी असतो, त्यामुळे गेरूकडची छटा रात्री तांबडी न राहता नुसती तपकिरी होते आणि पिवडीकडची किंचित हिरवट. दुपारी मन जिंकलेली छटा रात्री ओळखू येत नाही ती यामुळे. गेरूकडचीच हवी असेल तर आधी दिवे बदला: ३००० ते ४००० के, सीआरआय ९० किंवा वर. दिवे बदलायचे नसतील तर त्याच दिव्यांखाली जी बरी दिसते ती घ्या, दुपारचं मत बाजूला ठेवा.

फोनवरच्या फोटोवरून ठरवू नका. फोन आपणहून पांढऱ्याचा तोल साधतो आणि दोन छटांमधला नेमका तोच थोडासा फरक पुसून टाकतो. परदेशातल्या मुलीला किंवा मुलाला दाखवायचंच असेल तर दोन्ही फळ्या आणि एक पांढरा कागद एकाच फोटोत घ्या, आणि त्यांच्या मताला त्या फोटोइतकंच वजन द्या.

जमीन, लाकूड आणि खिडकीबाहेरचं

फरशी भिंतीवर रंग फेकते, खासकरून खालच्या तीन-चार फुटांवर. म्हणून फळी डोळ्यांच्या पातळीवर आणि फरशीलगत अशी दोन्हीकडे ठेवून बघायची. क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स पिवळसर असतात. त्यांच्याशेजारी गेरूकडची फिकी छटा आणखी गुलाबी वाटते, पिवडीकडची मिसळून जाते. कोटा फरशी हिरवट करडी, तिच्याशेजारी गेरूकडची छटा उठून तांबडी दिसते. हे मुद्दाम हवं असेल तर सुंदर, चुकून झालं तर भडक. लाल कोबा किंवा जांभ्याचं अंगण असलेल्या कोकणातल्या घरात उलट प्रश्न: खालून आधीच तांबडा उजेड येतोय, त्यात गेरूची भिंत म्हणजे तिखटावर तिखट. तिथे आमचं मत निःसंशय पिवडीकडे.

सागवानी दारं-कपाटं असतील तर झाकेपेक्षा गडदपणा महत्त्वाचा. भिंत आणि लाकूड सारखेच गडद झाले की लाकूड नाहीसं होतं. डोळे बारीक करून दाराशेजारची फळी बघा. दोन्हींमधली कड पुसट झाली तर ती छटा बाद.

खिडकीबाहेर आंबा, पिंपळ किंवा ग्रिलभर कुंड्या असतील तर आत हिरवा उजेड येतो. त्याने गेरूकडची छटा शांत, मातीसारखी होते. पिवडीकडची खाकीकडे सरकते. समोर दहा फुटांवर दुसरी इमारत असेल तर तिच्या भिंतीचा रंगच तुमचा उजेड आहे, दिशा विसरून जा.

छताचा पांढराही बघून ठेवा. एकदम निळसर पांढरं छत मातकट भिंतीला मळकं दाखवतं. किंचित पिवळसर ऑफव्हाइट घ्या.

तरीही दोन्ही बरोबरीत असतील तर

मोठ्या भिंतीवर प्रत्येक छटा पट्टीपेक्षा जास्त रंगीत वाटते. म्हणून दोघींत जी जरा करडी, जरा 'मेलेली' वाटते ती घ्या. शेडकार्डावर हसणारी छटा भिंतीवर ओरडते.

दुसरा निकष: पुढे कधी हीच छटा पॅसेजमध्ये किंवा बेडरूममध्ये अर्ध्या तीव्रतेने वापरायचा विचार आहे का? पिवडीकडची अर्धी केली तर क्रीम होते, कुठेही खपते. गेरूकडची अर्धी केली तर गुलाबी होते. ज्यांना गुलाबी नको असतो त्यांना हे डबा उघडल्यावर कळतं.

तडजोड म्हणून तीन भिंतींना एक छटा आणि चौथीला दुसरी, असं मात्र करू नका. इतक्या जवळच्या दोन छटा एका खोलीत आल्या की बघणाऱ्याला ती रचना वाटत नाही, रंग कमी पडला म्हणून दुसरा डबा आणला असं वाटतं.

डबा मागवताना

हॉल १० बाय १६, उंची साडेनऊ फूट धरली तर परिघ ५२ फूट, भिंती ४९४ चौरस फूट. दोन दारं, बाल्कनीचं सरकतं दार आणि खिडकी मिळून शंभरेक वजा, उरले सुमारे ३९४. लिटरला १२० चौरस फुटांप्रमाणे दोन हातांना सव्वातीन लिटर लागेल. ४ लिटरचा डबा घ्या. गडद बेसची छटा असेल तर तिसऱ्या हाताचे दीड-पावणेदोन लिटर वर धरा. एकाहून जास्त डबे असतील तर सगळे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळा आणि मगच वापरा. वेगवेगळ्या वेळी टिंट केलेल्या डब्यांत थोडा फरक पडतोच, आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो.

"हीच शेड दुसऱ्या कंपनीत स्वस्तात करून देतो" याला नाही म्हणा. रंगद्रव्यं वेगळी, त्यामुळे दुपारी जुळली तरी ट्यूबखाली जुळेलच असं नाही. जागेवर स्टेनर (बाटलीतला दाट रंग) टाकून "थोडी लाल करतो" यालाही नाही म्हणा. ती छटा पुन्हा कधीच बनणार नाही, आणि स्टेनर जास्त झाला तर भिंतीला हात लावल्यावर बोटांना रंग येतो.

ओल असेल तर आधी ती काढा. मातकट भिंतीवर फुटलेला पांढरा खार क्रीम भिंतीपेक्षा कितीतरी ठळक दिसतो. लांबी भरलेले डाग प्रायमरशिवाय सोडले तर रंग तिथे शोषला जाऊन ठिपके उमटतात, तेही मॅट मातकटात जास्त.

आधी एकच भिंत, खिडकीवाली, दोन हात पूर्ण करून घ्या आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी तिच्यावर फळी टेकवा. फळी भिंतीत विरघळली तर रंगाऱ्याला पुढे जाऊ द्या. फरक दिसला तर पाण्याचं प्रमाण आणि डब्यावरचा संकेत तपासल्याशिवाय रोलर उचलू देऊ नका.

काम संपल्यावर उरलेल्यातला २०० मिली रंग, पाणी न घातलेला, घट्ट झाकणाच्या बरणीत काठोकाठ भरून सावलीत ठेवा. छटेचा संकेत, फिनिश, बेस आणि तारीख कागदावर लिहून तो कागद मीटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. बरणीवरची चिठ्ठी वर्षभरात गळून पडते. पुढे कुठे ओरखडा आला तर तेवढ्यावर बोळा फिरवू नका, मॅटमध्ये तो ठिगळासारखा दिसतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत पूर्ण करा.